आधी पडायला शिका, मग उडायला!

आठवडाभर एसीत बसून एक्सेल शीट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना वीकएण्डला आकाश हवं असतं. त्यासाठी मनाली गाठायची गरज नाही. लोणावळ्याच्या अलीकडे, मावळातलं कामशेत म्हणजे पॅराग्लायडिंगवाल्यांचं पंढरपूर! पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. साधारण ऑक्टोबर ते मे हा सीझन. पावसाळ्यात उड्डाणं बंद.

पण कोर्सला नाव घातलं म्हणून लगेच हवेत, असं होत नाही. पहिल्या सकाळी आम्ही सात जण, त्यात पाच आयटीवाले, चक्क पडायला शिकत होतो. गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावरून उडी, गवतात लोळण, उठा, पुन्हा कट्ट्यावर.

याला म्हणतात पीएलएफ, म्हणजे पॅराशूट लँडिंग फॉल. छत्रीधारी सैनिकांच्या ट्रेनिंगमधली ही युक्ती. दोन्ही पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, कोपरं अंगाशी. आधी चवडे टेकतात, मग एका बाजूवर कलत पोटरी, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची कड. पाचही ठिकाणी थोडा थोडा धक्का वाटला जातो.

हिशेब साधा आहे. सव्वा मीटरवरून उडी मारली तरी जमिनीला टेकताना आपला वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर असतो. पाय ताठ ठेवले तर तो क्षणात शून्य होतो आणि सगळा मार घोटा, गुडघा, मणका खातो. अंग मऊ ठेवून लोळलं, तर थांबायला जास्त अंतर मिळतं आणि धक्का कमी होतो.

सर सारखे ओरडत होते, ‘हात टेकवू नका!’ पडताना हात पुढे जाणं हा रिफ्लेक्स, पण त्यातच मनगट किंवा कॉलरबोन मोडतं. तो रिफ्लेक्स मोडायलाच ती पन्नास लोळणं.

अर्थात पीएलएफ हा बॅकअप. खरं लँडिंग वाऱ्याकडे तोंड करून. जमीन जवळ आली की हार्नेसमधून पुढे सरकून पाय खाली सोडायचे, आणि अगदी शेवटी दोन्ही ब्रेक पूर्ण खेचायचे. हा ‘फ्लेअर’. तो उंचावरच केला तर छत्री स्टॉल होऊन तुम्हाला आपटते. बसून उतरलात तर मार थेट मणक्याला.

आणि हो, ही विद्या पाण्यात चालत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याच्या डोहात उडी टाकायचा मोह झाला, तर लक्षात ठेवा : गढूळ पाण्याखालचा खडक दिसत नाही.

जाताय? मग घोटा झाकणारे बूट घाला, हेल्मेट तपासून घ्या. टँडेम करणार असाल तर उतरताना पाय कधी उचलायचे, कधी पळायचं, हे पायलटला आधीच विचारा. आणि वारा बघून तो ‘आज नाही’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका. कामशेतमध्ये मिसळ खा आणि पुढच्या शनिवारी या. सोमवारी ऑफिसला स्वतःच्या पायांनी जायचंय ना, बॉस!