काकांचे मौन आणि अरिहंत

या इतिहासमालेत आजवर किल्ले आले, लढाया आल्या. आज एका पाणबुडीविषयी, आणि थोडे माझ्या काकांविषयी.

माझे घर नवीन जालन्यात. इथे भंगार वितळवून सळ्या घडवणाऱ्या भट्ट्या आहेत. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. काका मुंबईत सरकारी नोकरीत यंत्रकारागीर होते. दिवाळीला आले की आजी विचारी, ‘अरे, तू तिथे करतोस तरी काय?’ काका म्हणत, ‘लोखंड कापतो, आई.’ त्यापुढे एक शब्द नाही.

२६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला अरिहंतचे जलावतरण झाले. ती बातमी काकांनी उभ्यानेच पाहिली.

त्या दिवसामागे अनेक दशकांचे प्रयत्न होते. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी हवा लागते. म्हणून तिला वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तिथेच ती सापडते. अणुभट्टीला हवा लागत नाही. अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण असलेल्या भारताला, पहिला आघात सोसूनही शिल्लक राहील असे प्रत्युत्तराचे साधन हवे होते.

सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेल्या ‘चक्र’वर १९८८ ते १९९१ या काळात आपल्या नौसैनिकांनी धडे गिरवले. खरी अडचण होती ती अणुभट्टी अरुंद, हेलकावणाऱ्या कवचात बसवण्याची. भाभा अणुसंशोधन केंद्राने ८३ मेगावॅटची अणुभट्टी रचली. तिचे प्रतिरूप आधी कल्पाक्कमला, जमिनीवर, चालवून पाहिले. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या आपल्या वालचंदनगरने गिअरबॉक्स पुरवले. पाणबुडीतील अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू व्हायला १० ऑगस्ट २०१३ उजाडले. २०१६ मध्ये अरिहंत नौदलात दाखल झाली, तीही गाजावाजा न होता. पहिली गस्त पूर्ण झाल्याचे पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले.

तोवर काका राहिले नव्हते. त्यांच्या पेटीत एक झिजलेला व्हर्निअर कॅलिपर मिळाला. कागद एकही नाही. त्यांचा हात या कामाला लागला होता का, हे मला ठाऊक नाही, आणि पुराव्यावाचून त्यांचे नाव अरिहंतशी जोडण्याचा मोह मी आवरला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

मात्र आपल्या घरी असे कोणी निवृत्त कारागीर असतील, तर त्यांच्याजवळ बसा. गुपिते विचारू नका. हत्यारे कशी धरत, काम कुणाकडून शिकले, एवढे तरी लिहून ठेवा. मी तेवढेही विचारले नाही.