तुम्ही मुसलमान कधी झालात?

हरम शरीफमध्ये असरची नमाज झाली की मगरिबपर्यंतचा वेळ ओळखीपाळखीचा असतो. कोणी तिलावत करतं, कोणी काब्याकडे नुसतं बघत बसतं, आणि शेजारचा माणूस हळूच विचारतो, कुठून आलात? हजच्या आधीच्या आठवड्यात असंच एका इजिप्तच्या मास्तरांनी मला विचारलं. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे बोलणं जमलं. मी म्हणालो, हिंद. त्यांनी माझा हात हातात घेतला, मनापासून 'माशाअल्लाह' म्हणाले आणि विचारलं, "तुम्ही मुसलमान कधी झालात?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळलं, त्यांना वाटलं की मी हिंदुस्थानातून आलोय म्हणजे मुळात हिंदू असणार आणि अलीकडेच कलमा पढला असणार. मी म्हणालो, माझे अब्बा मुसलमान होते, दादा होते, दादांचे दादाही होते. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे थोडे मुसलमान तिकडेही आहेत!"

थोडे! 2011 च्या जनगणनेत भारतात 17 कोटींवर मुसलमान मोजले गेले. मास्तरांच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या एवढी नाही. त्यांना हा आकडा सांगितला तेव्हा ते गप्प झाले. ज्या शहरात आम्ही बसलो होतो तिथलाच मदरसा सौलतिया कैरानाच्या मौलाना रहमतुल्लाह यांनी उभा केला. 1857 च्या बंडानंतर त्यांना देश सोडावा लागला होता, आणि मदरशाला पैसा दिला कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांनी. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मदरशाचं नाव ऐकलं होतं. तो कोणाचा, हे माहीत नव्हतं.

आम्ही अजीजियात उतरलो होतो. तिथं टॅक्सी चालवणारा बिहारचा एक भाऊ रात्री चहाला भेटायचा. तो म्हणाला, "यहाँ किसी को बेवकूफ़ समझो तो वो बोलता है, मैं क्या हिंदी दिखता हूँ?" अरबीत 'हिंदी' म्हणजे भारतीय. इजिप्तकडे न पटणाऱ्या गोष्टीला 'हिंदी फिल्म' म्हणतात. म्हणजे तिथं आम्ही आधी हिंदी, मग मुसलमान. आणि हाच शब्द आमच्याकडे उलटा फिरतो. पुण्यात नाव सांगितलं की समोरचा लगेच मराठी सोडून हिंदीत बोलायला लागतो. मी मराठीतच उत्तर देत राहतो, तो हिंदीतच विचारत राहतो. पाच मिनिटांनी म्हणतो, "अरे, आप मराठी अच्छी बोलते हो!"

गाव सांगून भागत नाही ते वेगळंच. पिंपळगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं बसवंत आठवतं. बुलढाण्याचं म्हटलं तर पिंपळगाव सराई, कारण तिथं सैलानी बाबांचा दर्गा. नुसतं 'राजा' ऐकू गेलं तर जिजाऊंचं सिंदखेड राजा, नाहीतर देऊळगाव राजा. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा म्हणून एक गाव आहे, हे सांगेपर्यंत समोरच्याचा पुढचा प्रश्न आलेला असतो: "हो, पण तुम्ही मूळचे कुठले?"

मक्केत विचारलं, मुसलमान कधी झालात. इथं विचारतात, मूळचे कुठले, म्हणजे इथं कधी आलात. आमच्या शेजारच्या मोताळा तालुक्यात रोहिणखेडला 1582 मध्ये बांधलेली मशीद उभी आहे. ती बघितली की दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळतं, पण विचारणारा रोहिणखेडला येत नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटले. या वेळी त्यांनी मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ दाखवला. एका माणसाला जमाव मारत होता. "हे तुमच्याकडचं?" मारणाऱ्यांची हिंदी मला समजत होती. खोटं आहे म्हणालो असतो तर हरममध्ये बसून खोटं बोललो असतो. हेच आमचं रोजचं जगणं आहे म्हणालो असतो तर तेही खोटंच झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "हो, आमच्याकडचं आहे. आणि मी हजला निघालो तेव्हा माझ्या गळ्यात पहिला हार घालणारा माणूस हिंदू होता, तेही आमच्याकडचंच आहे." त्यांना दोन्ही एकत्र पटेना. मला वाईट वाटलं, कारण मलाही ते दोन्ही एकत्र ठेवणं नेहमी जमतं असं नाही. घरची दुखणी परक्यापुढे काढायला जीभ रेटत नाही, आणि ती झाकायचा मक्ता आपल्याकडेच का, असंही वाटतं.

मग चिडून म्हणा किंवा विषय बदलायला म्हणा, मी बोलून गेलो, "तुमचं बरं आहे. तुमच्याकडे सगळे मुसलमानच." मास्तर हसले. म्हणाले, "माझे दातांचे डॉक्टर कॉप्टिक ख्रिश्चन आहेत. वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं कॉप्टिक असतात. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. कधी वाचलं असेल, पण इजिप्त म्हटल्यावर ते डोळ्यांपुढे आलं नव्हतं. त्यांनी माझ्या देशाचं जे केलं, तेच मी त्यांच्या देशाचं केलं होतं.

मिनाच्या तंबूत मात्र वेगळीच गंमत झाली. बायकांची बाजू पडद्यापलीकडे होती, आवाज सगळा ऐकू यायचा. अम्मीच्या शेजारी रत्नागिरीकडच्या एक बाई होत्या. पहिल्या रात्री अम्मी मला हळूच म्हणाली, "वो लोगां आपस में मराठी बोलते. मेरेकू लगा हिंदू हैं." मी म्हटलं, अम्मी, हिंदू मिनात कशाला येतील? कोकणातले मुसलमान घरात कोकणी मराठीच बोलतात, हे अम्मीच्या गावीही नव्हतं. तिच्या हिशेबी मुसलमानाच्या घरात उर्दूच असणार.

आता आमची उर्दू तरी कसली! अम्मीला चहा 'होना' असतो, 'चाहिए' नसतो. लखनौचा माणूस ते ऐकून हसतो. त्या तंबूत रत्नागिरीच्या मावशींना अम्मीची उर्दू अर्धी कळेना, अम्मीला त्यांची कोकणी कळेना. शेवटी दोघी अशा मराठीवर आल्या जी दोघींचीही घरातली नव्हती. अम्मीची वऱ्हाडी बाजारातली, शेजारणींसोबत बोलून आलेली. "तुमच्याइकडं पाऊस लय पडते म्हणे? आमच्याइकडं कापूस वाळून जाते, पाण्याची वाट पाहून." शेजारची एक हैदराबादी बाई ऐकत होती. तिनं विचारलं, "तुम लोगां मराठे हैं क्या?" पडद्याआडून अम्मीचा आवाज आला, "हौ, महाराष्ट्र के." अम्मीला मी आजवर असं म्हणताना ऐकलं नव्हतं. गावात तिला तसं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

परतताना नागपूरहून नांदुऱ्याकडे येताना गाडीत समोर एक काका होते. निवृत्त, वाचणारे, सज्जन. जमजमचे कॅन बघून त्यांनी ओळखलं आणि अम्मीला जागा करून दिली. थोड्या गप्पा झाल्यावर म्हणाले, "तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो." मी म्हणालो, "काका, 1990 साली पुण्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष यू. म. पठाण होते." त्यांना ते आठवलं, बरंही वाटलं. मग ते अगदी आपुलकीनं म्हणाले, "तिकडे छान वाटलं असेल ना? आपल्या लोकांत."

मी काहीतरी सांगणार होतो. मास्तरांचं सांगावं, की टॅक्सीवाल्या भावाचं? पण काका चांगल्या मनानं बोलले होते आणि अम्मीला झोप लागली होती. मी म्हणालो, "हो, छान वाटलं." ते खरंही होतं. काब्यापुढे बसून जे वाटतं ते मास्तरांच्या प्रश्नानं कमी होत नाही. तरीही नांदुरा येईपर्यंत 'आपल्या लोकांत' हे दोन शब्द डोक्यातून जाईनात.

घरी आलो तेव्हा मोहल्ला जमला होता. खजूर वाटल्या, जमजम वाटलं. संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या काकू आल्या. त्यांनी जमजम तळहातावर घेतलं, तीर्थासारखं प्यायलं आणि ओला हात डोळ्यांना लावला. मग अम्मीजवळ बसून म्हणाल्या, "सांग वं, काय काय पायलं?"

तीन आठवड्यांत दोन्हीकडच्या लोकांनी मला बरंच विचारलं होतं. बहुतेकांकडे उत्तर आधीच तयार होतं, मी फक्त त्यावर मान हलवायची होती. काकूंना खरंच काही माहीत नव्हतं आणि त्या ऐकायला बसल्या होत्या. अम्मी सांगत राहिली: ऊन, गर्दी, सफा-मरवाच्या मधलं चालणं, सुजलेले पाय. आणि मग म्हणाली, "तठी एक मराठी बाई भेटली मले. रत्नागिरीची. तिच्यासंग लय जमलं."

काकूंनी विचारलं, "मराठी? मुसलमान ना?"

"हौ," अम्मी म्हणाली, "मुसलमानच. मराठी."