समेच्या आधी

प्रवचन, कीर्तन, वक्तृत्व यांचा विचार आपण साहित्याच्या वर्गात करतो तेव्हा आपल्या हाती असते ती छापील संहिता. बोलणारा कोठे थांबला आणि त्या थांबण्यात कोणी काय भरले, हे संहितेत उतरत नाही. विद्यार्थिदशेत आम्ही दोन वर्षे शिकागोच्या दक्षिण भागातील एका लहान कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचनाला साथ करीत होतो. तेथे आमच्या हातून एक चूक घडली. ती सुरांची नव्हती, वाचनाची होती. म्हणून साहित्याच्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

आमचे भांडवल म्हणजे वडिलांकडून शिकलेली पेटी. वडील गावच्या देवळात कीर्तनकारांच्या साथीला बसत. शिकागोतील त्या चर्चच्या ऑर्गनवादक बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या; संधिवाताने बोटे आखडू लागल्यामुळे त्यांना जोडीला एक हात हवा होता. आम्ही ख्रिस्ती नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकले. त्यावर त्यांनी विचारले, “बाळा, तुला ऐकता येतं ना?” एवढ्या एका प्रश्नावर आमची नेमणूक झाली.

बाईंपुढे जुना हॅमंड ऑर्गन होता, आमच्यापुढे साधा कीबोर्ड. हॅमंड हे विजेवर चालणारे वाद्य १९३५ साली बाजारात आले. नळ्यांचा महागडा ऑर्गन ज्या मंडळ्यांना परवडत नव्हता, त्यांनी ते आपलेसे केले. पुढे लेस्ली ध्वनिक्षेपकाच्या फिरत्या शिंगाने त्याच्या स्वराला गळ्यातल्यासारखा कंप दिला. या वाद्यावर आधी भजने वाजत. पण त्याची खरी कसोटी प्रवचनात लागते, असे बाई म्हणत.

ड्यू बॉईस यांनी १९०३ सालच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये गुलामांच्या धर्माची तीन अंगे सांगितली आहेत: उपदेशक, संगीत आणि आवेश. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी या उपदेशकांच्या प्रवचनांना १९२७ साली कवितेचे रूप दिले. ‘गॉड्स ट्रॉम्बोन्स’ या त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ते एक मोलाची गोष्ट नोंदवतात. उपदेशक झटकन श्वास आत घेतो आणि तो ऐकू येईल असा बाहेर टाकतो. तो विराम आपण कवितेत आडव्या रेघेने दाखवला आहे, असे ते सांगतात. आम्ही हे पुस्तक वर्गात वाचले होते आणि त्या रेघांवरून डोळे पुढे सरकले होते. चर्चमध्ये कळले की आमचे सारे काम त्या रेघेतच आहे.

पहिला बराच वेळ पाळक गद्यात बोलत. तेव्हा वाद्य गप्प. मग वाक्ये आखूड होत, एकमेकांच्या मापाची होत, प्रत्येकाच्या शेवटी श्वासाचा हुंकार येई आणि आवाज एका स्वरावर स्थिरावे. त्यांच्या बोलीत याला ‘हूपिंग’ म्हणतात. आमच्या पाळकांचा षड्ज बहुधा काळी चारवर लागे. तो पकडायचा, आणि शब्दांवर नव्हे तर शब्दांच्या मागच्या फटीत कॉर्ड ठेवायची. षड्जावरून मध्यमाच्या कॉर्डवर जायचे, मधल्या पायरीला डिमिनिश्ड कॉर्ड लावून परत यायचे. पाळक अर्ध्या स्वराने चढले की आपणही चढायचे. मंडळी ‘आमेन’ म्हणते, ऑर्गन उत्तर देतो आणि ती दोन्ही उत्तरे ऐकून पाळक पुढचे वाक्य घडवतात. त्यामुळे साथीदार नुसता मागे चालत नाही. पाळकांचे पुढचे पाऊल कोठे पडेल हेही थोडेफार त्याच्या हाती असते.

वडिलांचे कसब आम्हांस येथे उपयोगी पडले आणि नडलेही. कीर्तनकार बोलता बोलता आर्येत किंवा साकीत शिरतात तेव्हा पेटीवाला शब्दाचे टोक धरून त्यांच्याबरोबर आत जातो. परंतु आर्या आधी रचलेली असते. ती कोठे संपणार हे पेटीवाल्यास ठाऊक असते आणि समेवर तो निश्चिंतपणे उतरतो. प्रवचनातील वाक्य त्या क्षणी घडत असते. त्याची सम कोणीच आखून दिलेली नसते.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात गोळीबारात मेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंत्यविधीची उपासना होती. बाई आजारी होत्या. ऑर्गनवर आम्ही एकटे. पाळकांनी यिर्मयाच्या पुस्तकातील राहेलीचा उतारा घेतला होता. तो सुरुवातीस वाचला गेला तेव्हा आम्ही सूर जुळवण्याच्या चिंतेत होतो. पाळकांनी मुलाच्या आईचा प्रश्न आपल्या तोंडी घेतला: “का?” एकदा विचारला, पुन्हा विचारला, तिसऱ्यांदा विचारला आणि ते थांबले. विराम लांबला. ते दमले असावेत असे आम्हांस वाटले. आम्ही मध्यमाची कॉर्ड घेऊन अगदी हळुवारपणे षड्जावर उतरलो. मंडळीने सुस्कारा टाकला. कोणी ‘आमेन’ म्हटले. पाळकांनी एकवार आमच्याकडे पाहिले, बायबल मिटले आणि ते प्रार्थनेकडे वळले. बाहेर पडताना दोघातिघांनी साथीचे कौतुकही केले.

बाईंनी पुढल्या आठवड्यात ध्वनिमुद्रण ऐकले. म्हणाल्या, “तू सगळ्यांना घरी पोचवलंस. ती आई अजून निघालीच नव्हती.” मग त्यांनी उतारा काढून आमच्यापुढे ठेवला. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि ती सांत्वन नाकारते आहे. जी संहिता सांत्वन नाकारते, तिच्यावर आम्ही सांत्वन वाजवले होते.

या परंपरेस सांत्वन वर्ज्य नाही. शिकागोतच टॉमस डॉर्सी यांनी गॉस्पेल संगीताची पायाभरणी केली. मा रेनी यांच्या ब्लूज गायनाला पियानोची साथ करणारे हे गृहस्थ. १९३२ साली बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध भक्तिगीत त्याच शोकातून आले. पण ते ज्याचे दुःख त्याच्याकडून आले. शेजारच्या साथीदाराने उरकून टाकले नाही.

आज आम्ही शिकवतो. कवितेतील एखाद्या ओळीपाशी विद्यार्थी थबकला की आमच्या जिभेवर अर्थ तयार असतो; उतरण्याची घाई तीच, आणि तिला आम्ही मदत समजत आलो. आता तेवढा वेळ गप्प राहण्याचा प्रयत्न करतो. नेहमी जमतेच असे नाही.

काही महिन्यांनी पाळकांनी तोच उतारा रविवारी पुन्हा घेतला. मुलाची आई तिसऱ्या बाकावर बसली होती. या वेळी ऑर्गनवर बाई होत्या, आम्ही कीबोर्डवर. प्रश्न आला, तीनदा आला, आणि पाळक थांबले. बाईंचे हात मांडीवर होते. आम्हीही हात काढून घेतले. चर्चमध्ये कोणी खोकलेदेखील नाही. बऱ्याच वेळाने त्या बाकावरून एक स्वर आला. शब्द नव्हता, मिटल्या ओठांतला नुसता स्वर. आमच्या ठरलेल्या काळी चारपेक्षा तो अर्ध्या स्वराने खाली होता. बाईंनी तोच षड्ज धरला.