परतणारा बाण

रेघ चिकटलीय की नुसती टेकलीय, हे आधी बघायचं. पेशीतल्या प्रक्रियांच्या आकृत्यांचा खुला संग्रह असलेल्या विकीपाथवेजसाठी आकृती तपासायला बसलो की माझं पहिलं काम हेच. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची आकृती घ्या. औषधाकडून निघालेली रेघ एचएमजीसीआर या एन्झाइमच्या चौकटीपाशी थांबते आणि तिच्या टोकाला बाणाऐवजी आडवी दांडी असते, म्हणजे ‘अडवतं’. दिसायला सगळं ठीक. पण पाथव्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट जरा बाजूला ओढली की खरं कळतं. चिकटलेली रेघ मागोमाग येते, टेकलेली जागची हलत नाही. आपल्याला दोन्ही सारख्या दिसतात, पण टेकलेली रेघ असली की संगणकाच्या लेखी औषधाचा आणि एन्झाइमचा काही संबंधच नाही.

दिवसा मी विंचूरला मेडिकल चालवतो. उपबाजारात कांद्याचा लिलाव असला की दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. हे काम रात्री, शटर ओढल्यावर. त्याचे पैसे मिळत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या आणि मास्ट्रिक्ट विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ मध्ये विकीपाथवेज जगासमोर मांडलं. कुणीही आकृती काढावी, कुणीही सुधारावी, फक्त प्रत्येक चौकटीला ओळख क्रमांक हवा आणि बाणामागे शोधनिबंध. बॅच नंबर नसलेली पट्टी मी दुकानात ठेवत नाही, त्यामुळे ही शिस्त मला लगेच मानवली.

माझ्याबरोबर एम.फार्म. झालेली एक मैत्रीण पुण्याला असते. आम्ही मिळून स्टॅटिनच्या आकृतीचा एक मसुदा करत होतो, त्यात एका बाणावरून वाजलं. स्टॅटिन यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनू देत नाही. पेशीला टंचाई जाणवते, एसआरईबीपी-२ हे प्रथिन केंद्रकात जातं आणि एलडीएल रिसेप्टर वाढवतं. ते रिसेप्टर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतात. गोळी खरी लागू पडते ती या वळशाने. कोलेस्टेरॉलच्या या नियंत्रणावरच्या कामासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. पण तेच प्रथिन एचएमजीसीआरही वाढवतं, म्हणजे औषधाने जे अडवलं तेच पेशी जास्त करून बनवायला घेते. हा परतणारा बाण मला हवा होता. तिचं म्हणणं, “पोरं परीक्षेला वाचतात रे. कशाला गर्दी करतोस?”

मी तिला दुकानातलं सांगितलं. लासलगावकडचे एक काका रिपोर्ट घेऊन आले होते. “दहाच्या जागी वीसची घेतली तर निम्मं उतरेल ना?” डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस बदलायचा नाही, हे आधी बजावलं. मग सांगितलं, डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण सहाच टक्के उतरतं. “एवढंच?” काका खट्टू झाले. त्या ‘एवढंच’मागे पेशीचा हा उलटा जोर आहे, आणि आकृतीत तो बाणच नसेल तर पोरांनी तो शोधायचा कुठे?

ती दोन दिवस गप्प होती. मग निरोप आला: “बाण ठेव. पण मग पीसीएसके९ पण घाल, त्याला का सोडतोस?” तिचं बरोबर होतं. एसआरईबीपी-२ पीसीएसके९ही वाढवतं, आणि ते रिसेप्टर मोडीत काढतं. जागेसाठी मसुद्यातला, त्याच साखळीतून फुटणारा को-एन्झाइम क्यू-१०चा फाटा वेगळ्या आकृतीत हलवायचं ठरलं. निबंध तिने शोधले, रेघा मी चिकटवल्या आणि चौकटी एकेक हलवून पाहिल्या.