बहात्तर हजारांची झील

राणीसावरगावात रेणुकामातेचा गोंधळ उभा राहिला की संबळ कडाडतं, तुणतुणं लागतं आणि मुख्य गोंधळी पद मधेच सोडून देतो. झीलकरी ते उचलतो. रात्र चढते तसं बसलेलं अख्खं अंगणच झील धरू लागतं. हे ऐकत वाढलेल्या मला इंग्लंडचा ‘क्वीन’ बँड पहिल्यापासून जवळचा वाटला.

त्यांचं 1977 सालचं ‘वी विल रॉक यू’ घ्या. दोनदा पाय आपटायचे, एक टाळी, मग थांबायचं. गिटार येते ती थेट शेवटाला. एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक जागचे हलेनात, उलट त्यांनीच बँडला गाणं म्हणून दाखवलं. दाटीत उभ्या माणसाला काय करता येईल, असा विचार तेव्हा गिटारवादक ब्रायन मेच्या मनात आला. पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल! मग जुन्या चर्चमधल्या एका स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्यांनी तो ठेका मुद्रित केला आणि थरावर थर चढवून त्याची गर्दी केली. ऐकणाऱ्याला गाण्यात जागा ठेवणं, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला पारशी मुलगा, फारूख बुलसारा. आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथं तो पियानो शिकला, शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात पुढे उभं राहून गायचा दुसराच मुलगा, फारूख पियानोवर. साथीला बसलेल्या त्या पोराचा मला फार जिव्हाळा वाटतो. साथ कशी करतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच साथ मागता येते.

1964 च्या क्रांतीत झांझिबार सुटलं, कुटुंब लंडनजवळ आलं. 1970 मध्ये ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’ उभा राहिला, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. 1975 चं ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं लोक म्हणत होते. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आणि 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली मैदान, ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम. समोर सुमारे बहात्तर हजार माणसं. फ्रेडी नुसता आलाप फेकतो, शब्द नाहीतच, आणि सगळं मैदान तो जसाच्या तसा परत करतं. मी ते चित्रण कितीदाही पाहिलं तरी अंगावर काटा येतोच.

पुढे एड्सनं तो खंगत गेला. तरी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत जमेल तेवढं गाऊन ठेवत होता, मागचं तिघांनी पुरं करावं म्हणून. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला. 1995 साली ‘मेड इन हेवन’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘मदर लव्ह’चं शेवटचं कडवं त्याचं गायचं राहून गेलं होतं, ते ब्रायन मेनं गायलं आहे.