हौदांतलें मीठ

घाटाखालच्या माणसाला मीठ हें संकट वाटतें. आम्हां घाटावरच्यांना तें स्वयंपाकघरापलीकडे ठाऊक नसतें. आमचें जानेफळ मेहकर तालुक्यांत, म्हणजे घाटावर. येथील विहिरींचें पाणी गोड. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मात्र विहीर खणावी आणि पाणी तोंडांत धरवूं नये, अशी गत. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह करावयास वऱ्हाडाजवळ समुद्र नव्हता. तेव्हां अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथें लोकांनीं विहिरीच्या खाऱ्या पाण्याचें मीठ केलें. हें सारें आम्ही जाणून होतों. पण तो प्रश्न आपल्याच परसांत येईल असें वाटलें नव्हतें.

चिरंजीवांनीं नातवंडांसाठीं घरामागें ४० हजार लिटरांचा हौद बांधला. आम्ही स्वतः कमरेला वाळके भोपळे बांधून विहिरींत पोहावयास शिकलों. त्यामुळें आम्हांला हौदाचें कौतुक बेताचेंच. ब्लीचिंग पावडर कधीं कमी पडे, कधीं जास्त होऊन पोरांचे डोळे चुरचुरत. म्हणून मिठावर चालणारें यंत्र आणण्याचें ठरलें. हजार लिटरांस साडेतीन किलो, म्हणजे समुद्राच्या खारटपणाचा सुमारें दहावा हिस्सा. आमच्या हौदास १४० किलो मीठ लागलें. हें पाणी टायटॅनियमच्या पत्र्यांमधून जातांना विजेनें मिठांतला क्लोरीन मोकळा होतो, जंतु मारतो, आणि काम संपलें कीं बहुतेक पुन्हां मिठांतच जमा होतो.

"बाबा, मीठ संपतच नाहीं, हाच फायदा," चिरंजीव म्हणाले.

त्या वाक्यावरच आम्ही अडलों. न संपणारी वस्तु शेवटीं जाते कोठें? लोणारचें सरोवर आमच्यापासून दूर नाहीं. उल्केच्या आघातानें झालेल्या त्या विवरांत पाणी येतें, पण त्याला बाहेर जावयास वाट नाहीं. पाणी उडून जातें, खार मागें राहतो. आमच्या हौदाला वाट होती, पण ती कशी? गाळणी धुतलेलें पाणी सोडावयाची नळी कारागिरानें लिंबाच्या झाडांकडे काढलेली. आणि तेथून वीस पावलांवर तीच आमची विहीर, जिच्यावर उन्हाळ्यांत अर्धी गल्ली पाणी भरते.

"जमिनींत मुरून जाईल कीं, काका," कारागीर म्हणाला.

मुरेल, हीच तर भीति! काळ्या मातीला असें मीठ मिळत राहिलें कीं ती घट्ट होते, पाणी आंत घेईनाशी होते. आणि जें थोडें झिरपेल तें विहिरीच्या झऱ्याला जाऊन मिळेल.

आठ दिवस यंत्र बंद राहिलें, नातवंडें रुसलीं. शेवटीं सिमेंटनें लिंपलेला एक उथळ खड्डा, पावसाळ्यासाठीं त्यावर पत्र्याचें छप्पर, असा तोडगा निघाला; धुण्याचें पाणी तेथेंच सुकावें. खर्च वाढला म्हणून चिरंजीव कुरकुरले, पण नळी फिरवली.

गेल्या वैशाखांत खड्ड्याच्या तळाशीं पांढरी खपली धरली. धाकटा नातू वांकून म्हणाला, "आजोबा, हें कोणाचें?"

"आपलेंच," आम्हीं सांगितलें, आणि झाडून पोत्यांत भरावयास खराटा त्याच्याच हातीं दिला.