छत्तीस सालांची यादी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना मैदानात बसून पाहण्याचा योग आम्हांस कधी आलेला नाही. लंबवर्तुळाकार मैदान, तसाच लांबोडका चेंडू, एकेका बाजूस अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार झाला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. हुकलेल्या नेमालाही काही मोल देणारा हा खेळ तेवढ्यासाठीच आवडावा. परंतु आम्ही त्याकडे वळलो ते एका यादीमुळे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये पोर्ट अ‍ॅडलेड या क्लबाने जिंकलेल्या अजिंक्यपदांची ती यादी : १८८४पासून १९९९पर्यंत छत्तीस साले. त्या लीगमध्ये इतकी अजिंक्यपदे दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत.

वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्यांना याद्यांचे व्यसन असते, आणि यादी वाचायची ती गाळलेल्या जागांसाठी, हेही त्यांना ठाऊक असते. १९१३, १९१४, आणि मग एकदम १९२१. १९१४चा संघ त्या मोसमात एकही सामना हरला नाही. अंतिम सामन्यात नॉर्थ अ‍ॅडलेडला त्यांनी एकच गोल करू दिला, आणि नंतर मेलबर्नच्या कार्लटनला हरवून 'ऑस्ट्रेलियाचे विजेते' हा किताब चौथ्यांदा घेतला. तोवर महायुद्ध सुरू झालेच होते. १९१६ ते १९१८ लीग बंद राहिली. त्या पिढीतले काही खेळाडू परतलेच नाहीत. यादी याबद्दल काही बोलत नाही. तिला फक्त जिंकणे ठाऊक.

क्लब १८७०चा, बंदरावरच्या वस्तीचा. १९०२पासून त्यांच्या अंगावर काळे-पांढरे उभे पट्टे आले. काहींना त्यांत तुरुंगाचे गज दिसतात, काहींना धक्क्याचे खांब. आमचे मत धक्क्याच्या बाजूने; अर्थात गज हे नाव जिभेवर अधिक बसले आहे, आणि नावांच्या बाबतीत जिभेचेच चालते. १९५४ ते १९५९ अशी सलग सहा अजिंक्यपदे या पट्ट्यांनी मिळवली. पहिली पाच फॉस विल्यम्स यांच्या प्रशिक्षणाखाली, सहावे ज्योफ मॉटली यांच्या. क्लबाचा सर्वांत लाडका खेळाडू रसेल एबर्ट. लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे मगॅरी पदक त्यांना चार वेळा मिळाले : १९७१, १९७४, १९७६, १९८०. ही साले मोठ्या यादीशेजारी ठेवून पाहावीत. जुळते ते केवळ १९८०. उरलेल्या तिन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू पोर्टचा आणि अजिंक्यपद परक्याचे. २०२१ साली एबर्ट वारले; अ‍ॅडलेड ओव्हलबाहेर त्यांचा पुतळा आहे.

खरा पेच १९९०पासूनचा. व्हिक्टोरिया राज्याच्या लीगने त्या वर्षी 'ऑस्ट्रेलियन' हे नाव धारण केले. (केंद्राने स्वतःलाच 'राष्ट्रीय' म्हणावे आणि इतरांनी आपोआप 'प्रादेशिक' व्हावे, हा व्यवहार आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.) पोर्टने तिच्यात शिरण्याची बोलणी गुपचूप चालवली. ती फुटली, सोबतचे क्लब न्यायालयात गेले, राज्य लीगने घाईने अ‍ॅडलेड क्रोज हा नवा संघ उभा करून १९९१मध्ये पाठवला. त्या गदारोळातही १९९०चे अजिंक्यपद पोर्टनेच घेतले. राष्ट्रीय लीगचे दार उघडले ते १९९७मध्ये. मात्र काळा-पांढरा वेश आणि मॅगपाय पक्ष्याचे नाव तेथे आधीच कॉलिंगवुडचे होते. म्हणून नवे नाव 'पॉवर', रंगांत हिरवट निळ्याची भर, आणि जुने मॅगपाय राज्य लीगमध्ये मागे ठेवलेले, एक निराळा संघ म्हणून.

आता छत्तीस कोणाची? राष्ट्रीय लीगच्या नोंदवहीत पोर्टचे अजिंक्यपद एकच, २००४चे. ते मिळवून देणारे प्रशिक्षक मार्क विल्यम्स हे फॉस विल्यम्स यांचे चिरंजीव. क्लब मात्र आपला इतिहास १८७०पासूनच सांगतो. बापलेकांना दोन निरनिराळ्या क्लबांचे म्हणणे आम्हांस तरी जड जाते, नोंदवही काहीही म्हणो. पण मागे ठेवलेल्यांचे काय? त्यांनी १९९८ आणि १९९९ जिंकून यादी पस्तीस आणि छत्तीसवर नेली. पुढे २०१०मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली आणि २०१४पासून मॅगपाय हा राष्ट्रीय संघाचा राखीव संघ झाला. त्यातल्या उत्तम खेळाडूला शनिवारी वरून बोलावणे आले की तो जातो, आणि त्याने जावे हीच त्या संघाची योजना. बोलीत लिहिणाऱ्या कवीने प्रमाण भाषेच्या दारात उमेदवारी करावी तसे हे आहे, असे आम्ही म्हणणार होतो. परंतु कवीला निदान परत येऊन बोलीतच लिहिता येते.

मॅगपाय त्यानंतरही अंतिम सामन्यांपर्यंत पोचले. २०१४मध्ये नॉरवुडकडून चार गुणांनी हरले. २०१७मध्ये स्टर्टकडून हरले ते एका गुणाने, म्हणजे एका हुकलेल्या नेमाच्या किमतीने. २०१९मध्ये ग्लेनेलगकडून. ही तीन साले यादीत नाहीत.